मानीबाईचा रिपोर्ट मी खोटा वाचला

लिहून ठेवते मी, रत्नप्रभा नीळकंठ नेरकर, वय वर्षे सदुसष्ट, पूर्वीचा व्यवसाय सरकारी नोकरी, सध्याचा व्यवसाय आजारपण, राहणार आर्णी रोड, यवतमाळ, ते असे की:

माझी बुद्धी शाबूत आहे. शरीराबद्दल तसे लिहिता येत नाही. उजवा स्तन चार वर्षांपूर्वी काढला, आजार मागल्या वर्षी परत आला आणि आता तो यकृतात आहे. दर एकवीस दिवसांनी किमो सुरू आहे. बोटांची टोके बधिर झाल्याने अक्षर पूर्वीसारखे राहिले नाही, पण ते माझेच आहे. हे पत्र कोणाच्या सांगण्यावरून, दबावाखाली किंवा औषधाच्या गुंगीत लिहिलेले नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. 'रुग्ण पूर्ण भानावर' असे लिहून देताना डॉक्टर म्हणाले, "जरा जास्तच भानावर आहात, आजी." तेही नोंदवून ठेवते.

कलम १. आर्णी रोडवरचे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मुलगा साकेत आणि मुलगी भैरवी यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. वरच्या खोलीबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे, ते वाचल्याशिवाय कुलूप बदलू नये. भांडायचेच असेल तर माझा तेरावा होऊ द्यावा.

साकेत पुण्याला असतो. आजार परतला तेव्हा तो आला आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांना म्हणाला, आईला यातलं काही सांगू नका. हे तो इंग्रजीत कुजबुजला. जिने चौतीस वर्षे इंग्रजी निकालपत्रे उतरवून काढली तिच्यापासून चार हातांवर उभा राहून! साकेत, मी ते ऐकले. तीन महिने तुझ्याशी धड बोलले नाही ते त्याच रागाने. आता तो राग धरायचा हक्क मला उरलेला नाही. का, ते कलम चारमध्ये आहे.

कलम २. बँकेतली ठेव दोघांची सारखी. माझ्या पाटल्या आणि गोफ भैरवीला, पण तिने दरवर्षी तपासणी करून घ्यायची या अटीवर. भैरवी, तू दर रविवारी व्हिडिओ कॉल लावून रडतेस आणि मग मी तुझी समजूत काढत बसते. एकदा तर ओकारी आवरून तुझी समजूत काढली. रडणे आधी उरकून घे ग बाई, मग फोन लाव. माया कळते मला. पण त्या दिवशी मला रडायचे होते आणि तू माझी पाळी घेतलीस.

कलम ३. केसांचा टोप सूनबाई प्राचीला परत. तिने पुण्याहून मोठ्या हौसेने आणला, मी एकदाच घातला. आरशात मी नव्हते, कोणाची तरी मामी होती. प्राचीने मात्र मला "पॉझिटिव्ह राहा" असे एकदाही म्हटले नाही, त्याबद्दल माझी पैठणी तिला.

भजनी मंडळातल्या बायांना मी काहीही देत नाही. त्यांनी ते 'पॉझिटिव्ह राहा' मला पोतेभर दिले, तेवढे परत नेले तरी चालेल. आणि माझ्यासाठी वेगळा काढून ठेवलेला स्टीलचा पेलाही न्यावा. मला दिसत नाही असे वाटले होते काय?

कलम ४. आता मुख्य कलम. वरची तीन मी इथवर यायला धीर व्हावा म्हणून लिहिली.

नोकरीत मी न्यायालयाच्या नक्कल विभागात होते. मूळ कागद समोर ठेवायचा आणि त्याची नक्कल उतरवायची, मुळात चूक असली तर चुकीसकट. मग 'खरी नक्कल' असा शिक्का मारून खाली सही करायची. माझ्या सहीच्या एकाही कागदावर कधी हरकत आली नाही. माझे यजमान नीळकंठराव थट्टेने म्हणत, "हिला पाककृती लिहून देऊ नका. मीठ लिहायचं राहिलं तर ही अळणीच करेल."

आजारही मी त्याच पद्धतीने वाचत आले. रिपोर्ट हातात आला की तो दुसऱ्या कोणाचा आहे असे समजायचे. रुग्ण स्त्री, वय अमुक, गाठ अमुक मिलिमीटर. मग वाचता येते. किमोच्या वॉर्डात आम्ही आठ खुर्च्यांवर आठजणी असायचो आणि प्रत्येकीची अशी एकेक युक्ती होती. राजूरहून येणारी एक, नवरा कोळशाच्या खाणीत, ती सलाइनचे थेंब मोजायची. मोजणी चुकली की पहिल्यापासून. एक मास्तरीण तीन तास फोनवर नवऱ्याला फाडून खायची आणि सुई निघाली की त्यालाच विचारायची, "जेवलात का?" एकीने मुलीच्या लग्नाच्या रुखवताची यादी काढली होती. मुलगी सातवीत होती. आम्ही कोणी कोणाला हसलो नाही.

माझ्या शेजारच्या खुर्चीत मानीबाई असायची. मानीबाई लखीराम राठोड, ढाणकीजवळच्या एका तांड्यावरची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिचाही आजार ऑपरेशननंतर परतलेला. ती आजाराला शिव्या द्यायची, तोंडावर, तो समोर बसल्याप्रमाणे. "मेल्या, एक खाल्लं ना तू? भरलं नाही का पोट तुहं?" अख्खा वॉर्ड हसायचा. एकदा मला म्हणाली, "बाई, तूबी दे एक." मी दिली. आयुष्यातली माझी पहिली शिवी, सहासष्टाव्या वर्षी. फार बरे वाटले.

तिने मला काढलेल्या जागी लावायला कापडाचा स्तन शिवून दिला. दुकानातला महाग आणि घामाने चिकटणारा. तिने आत सरकी भरली होती. म्हणाली, "निस्ता कापूस भरला तर वजन नाही राहत, अंग एकीकडं झुकते." बाहेरून साधे सुती कापड, आणि आतल्या बाजूला, जिथे तो अंगाला लागतो तिथे, बंजारा टाक्याने बसवलेला नखाएवढा आरसा.

"आतून कायले वं आरसा?" मी तिच्याच बोलीत विचारले.

"त्या मेल्याले त्याचं तोंड दिसलं पाहिजे."

तो मी रोज लावते. माझ्यासोबत तोही जाळावा, काढून ठेवू नये.

मानीबाईला घेऊन तिची सून ममता यायची. पहाटेची गाडी, हातात कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. मुलगा संजय ट्रॅक्टर चालवतो, नवरा लखीराम निरक्षर. घरात दवाखान्याचे इंग्रजी कागद समजून घेणारी, दहावी झालेली, एकटी ममता. वॉर्डात मात्र सगळ्याजणी आपापले कागद माझ्याकडे आणायच्या. डॉक्टरांनी मला एकदा सुनावलेही होते की दुसऱ्यांचे रिपोर्ट सांगत जाऊ नका, ते आमचे काम आहे. म्हणून मी जिला वाचून दाखवी तिच्याकडून शपथ घेई, माझे नाव कुठे घ्यायचे नाही.

सतरा फेब्रुवारीला आम्हा दोघींचे रिपोर्ट एकदमच आले. ममता खाली औषधांच्या रांगेत होती. मी माझा आधी वाचला. यकृतात तीन नव्या गाठी. नेहमीप्रमाणे तो दुसऱ्या कोणाचा म्हणून वाचायला गेले, आणि जमले नाही. कागदावर माझे नाव होते आणि ते हलत नव्हते. तेवढ्यात मानीबाईने आपला कागद माझ्या मांडीवर ठेवला.

"वाच ना वं बाई. गेली का माही गाठ?"

तिच्या हाडांत पसरले होते. फुफ्फुसातही. दोनच ओळी होत्या, साध्या इंग्रजीत. 'पसरलंय' हा शब्द मला उच्चारायचा होता. तो तिच्यासाठी उच्चारला असता तर तो माझाही झाला असता. मी म्हणाले, "गेली."

"समदी?"

"सगळी. बरी झालीस तू."

तिने माझा हात उचलून कपाळाला लावला. त्या क्षणी मला काय वाटले तेही लिहिते, नाहीतर हे पत्र अर्धे खोटे राहील. मला आनंद झाला. तिच्या तोंडावर जे उमटले ते मला बघायचे होते. माझ्या तोंडावर ते यायचे नव्हते. मग शपथ घातली, "माझं नाव घेऊ नकोस." ती म्हणाली, "नाही घेत. सेवालाल बापूची आण."

डॉक्टरांनी ममताला खरे सांगितले होते, औषध बदलून लगेच सुरू करायचे आहे म्हणून. ममताने घरी सासूची विनवणी केली. सासू म्हणे, "कागदातच लिवलं हाये, मी बरी झाली. आता सुया कायले टोचू?" ती पुन्हा आली नाही. एकवीस दिवसांनी शेजारची खुर्ची रिकामी, बेचाळीस दिवसांनीही रिकामी. ममताचा नंबर माझ्या वहीत होता. मी फोन केला नाही. पहिले खोटे माझ्या तोंडून निसटले. हे दुसरे मी रोज सकाळी उठून केले.

मानीबाई मे महिन्यात गेली. शेवटचे पंधरा दिवस हाडे इतकी दुखत की तिला कुशीवर वळता येत नव्हते. औषध घेतले असते तर ती वाचली असती, असे डॉक्टर म्हणत नाहीत. काही महिने मिळाले असते आणि दुखणे कमी झाले असते, एवढेच म्हणतात. म्हणजे मी तिचा जीव घेतला नाही. तिचे महिने घेतले आणि बदल्यात तिला ते दुखणे दिले.

जायच्या आदल्या दिवशी लखीरामने तिला विचारले, "बरी झाली म्हणून कोणं सांगतलं तुले?" ती बोलली नाही. मला दिलेली आण तिने मरतानाही मोडली नाही. त्या वेळी ममता तिला चमच्याने पाणी पाजत होती, म्हणून तिची नजर ममतावर होती. त्या नजरेचा घरच्यांनी अर्थ लावला. कागद वाचणारी घरात एकच, तेव्हा यवतमाळच्या खेपा चुकवायला हिनेच म्हातारीला खोटे सांगितले, विनवण्या नुसत्या दाखवायला. जूनमध्ये संजयने तिला घराबाहेर काढले. सात वर्षांची नयन बापाजवळ राहिली. आईने आजीला मारले, असे ते लेकरू ऐकत असते.

ममता यवतमाळात मुलींच्या एका वसतिगृहात पोळ्या लाटू लागली. जुलैमध्ये ती दवाखान्यात सासूच्या रिपोर्टची नक्कल मागायला आली, तांड्यावर दाखवायला. पण कागद इंग्रजी आणि वाचून दाखवणारी पुन्हा तीच, कोण ऐकणार? परत निघताना तिला मी खुर्चीवर दिसले, आणि वरचे सगळे तिने मला तेव्हाच सांगितले.

"मावशी, तुमच्यासंग कोणी नाही आलं?"

तेव्हा सांगायला हवे होते. मी म्हणाले, "नाही ग." तेव्हापासून दर किमोला ती सुट्टी टाकून येते. ओकारीची बादली धरते. पायांची आग होते तर खोबरेल लावून तळवे चोळते. मी गप्प राहिले, कारण सांगितले तर ती येणार नाही. मला एकटीने तिथे बसायची भीती वाटते. यापेक्षा लाजिरवाणे मी काही केलेले नाही.

कारण मानीबाई येते. मी भुतेखेते मानत नाही आणि डॉक्टर म्हणतात, औषधाने असे भास होतात. असतील. पण सकाळी अकराच्या सुमाराला, भर उजेडात, औषध चढायला लागले की शेजारच्या खुर्चीत ती बसलेली असते. तिथे दुसरी बाई असली तरी असते. तिच्या ओढणीच्या आरशांचे कवडसे छतावर हलतात. नर्सने माझी खुर्ची दोनदा बदलली, कवडसे तिथेही आले. ती रागावलेली असती तर मला सोसले असते. ती रागावत नाही. कागद माझ्या मांडीवर ठेवते आणि तशाच आशेने म्हणते, "वाच ना वं बाई." तिला अजूनही वाटते की मी खरे वाचते.

कलम ५. या घराच्या वरच्या खोलीत ममता संजय राठोड हिला, आणि नयनला, तहहयात राहण्याचा हक्क देत आहे. त्यावर साकेत किंवा भैरवी यांची हरकत चालणार नाही. हा उपकार नाही. आणि ही भरपाईही होत नाही, हे मला माहीत आहे.

कलम ६. कच्च्या मसुद्यात मी इथे असे लिहिले होते की कलम चार माझ्या मरणानंतर उघडावे आणि तांड्याच्या प्रमुखासमोर, म्हणजे नायकांसमोर, वाचावे. म्हणजे मरेपर्यंत ममता माझे तळवे चोळत राहील, आणि खरे बोलल्याचे पुण्यही माझ्या पदरात. हुशारी बघा! गेल्या किमोला मानीबाई आली ती खुर्चीत बसली नाही. बादली धरून बसलेल्या ममताच्या पाठीमागे उभी राहिली. मला म्हणाली, "मले नको वाचू आता. हिले वाच."

म्हणून शनिवारी, पंधरा नोव्हेंबरला, ममता माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडत असताना मी तिला मसुदा वाचून दाखवला. पहिल्यापासून. तिची बोटे थांबली ती थांबलीच.

"बाई, तुम्हाले जुलैपासून माहीत होतं?" इतके दिवस ती मला मावशी म्हणत होती.

"हो."

"मी पाय चोळून राह्यली होती, तवाबी?"

"हो."

ओरडली असती तर मी ऐकून घेतले असते. तिने मसुद्याचे कागद उचलले, पिशवीत घातले आणि गेली. मेथी तशीच राहिली. मी ती निवडली नाही, टाकलीही नाही.

आज गुरुवारी ती लखीरामला घेऊन आली. दारातच उभे राहून म्हातारा म्हणाला, "पोरगा म्हणते, हे हिनंच लिहून आणलं. म्हणून मी सोता आलो. मानीले तुम्ही सांगतलं?"

"मी सांगितलं."

"काहून?"

त्या 'का'चे उत्तर कलम चारमध्ये होते. मी म्हटले, सगळे लिहिले आहे, वाचून दाखवते. त्यावर तो ठाम म्हणाला, "तुम्ही नका वाचू. तुमच्या वाचण्यानंच झालं हे. हे वाचंल. तुम्ही आयका, अन् एक अक्षर बी चुकलं तर सांगा." मग ममता खुर्चीत बसली आणि तिने तोवर लिहून झालेला सगळा मजकूर मोठ्याने वाचला. साकेतचा राग, प्राचीची पैठणी, भजनी मंडळ, काहीही न गाळता. मानीबाईला कुशीवर वळता येत नव्हते त्या ओळीला लखीरामने हात वर केला आणि म्हणाला, "हे पुन्हा वाच." तिने पुन्हा वाचले. दुसऱ्या वेळेला तिचा आवाज फाटला, पण वाक्य पुरे केले. मी तिला कुठेही अडवले नाही. अडवावे असे काही नव्हते.

लखीरामने टोपी काढून मांडीवर ठेवली. बसल्या जागेवरूनच मला म्हणाला, "माही बायको तुमच्यावर लय इश्वास ठेवे." मी पाया पडायला वाकले तर त्याने पाय मागे घेतले.

ममताने मला क्षमा केलेली नाही. मी मागितलेली नाही. खोलीचे कलम वाचल्यावर ती म्हणाली, "मले खोली नको, नयन पाहिजे." तरीही ते कलम मी ठेवले आहे. दुपारच्या गाडीने ती सासऱ्यासोबत जाणार आहे. संजय काय म्हणेल ते तिथे गेल्यावर. पुढची किमो दोन डिसेंबरला आहे. ती येईल की नाही हे मी विचारले नाही, आणि माझ्या मुलांनीही तिला विचारू नये. साकेत, त्या दिवशी तू ये. रिपोर्ट आला तर माझ्यासमोर मोठ्याने वाच.

कलम ७. या पत्राची अंमलबजावणी भैरवीने करावी. ती रडते, पण काम सोडत नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे, आणि पुढील दोन साक्षीदारांसमक्ष त्यावर सही करत आहे. याची एक नक्कल ममताला आजच दिली आहे.

ठिकाण: यवतमाळ
दिनांक: २० नोव्हेंबर २०२५

(सही) रत्नप्रभा नीळकंठ नेरकर

साक्षीदार पहिला: बळीराम उकंडा मेश्राम, सेवानिवृत्त शिपाई, नक्कल विभाग, राहणार यवतमाळ. बाईंनी माझ्यासमोर सही केली, मी त्यांच्यासमोर केली. (सही)

साक्षीदार दुसरा: लखीराम हरी राठोड, वय अंदाजे पासष्ट, धंदा शेती, राहणार ढाणकीजवळील तांडा, तालुका उमरखेड. यांना लिहिता-वाचता येत नाही. मजकूर कोणी वाचून दाखवला असे रिवाजाप्रमाणे विचारले असता त्यांनी सांगितले, ते मी, रत्नप्रभा, जसेच्या तसे लिहीत आहे: "ममता. माही सून व्हय. तिनं वाचलं ते खरं हाये."

(डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा)